देसले आमचीच पुडी उचलतात

मी संशयी माणूस नाही. मी फक्त पडताळून पाहतो.

मुरबाडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. आलेला माल, दिलेला माल आणि उरलेला माल यांचा मेळ बसला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. घर शहापूरला. घरात मी, बायको रंजना आणि माझी आई. (मुलगी लग्न होऊन नाशिकला असते, या प्रकरणात ती पूर्ण निर्दोष आहे.) घरातल्या प्रत्येक डब्यावर मी नावाची पट्टी चिकटवली आहे. त्यामुळे आमच्याकडे रव्याच्या डब्यात रवाच सापडतो. एकही वस्तू चुकीच्या जागी नाही असं घर तालुक्यात दुसरं दाखवा, असं मी पूर्वी चारचौघांत म्हणत असे. हल्ली म्हणत नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी रंजना एका वाचक मंडळात जाऊ लागली. हे मंडळ चालवतात जाधव मॅडम. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि अजूनही सगळ्यांना औषधाचा डोस दिल्यासारखी पुस्तकं देतात. मंडळाची पद्धत अशी : एक रविवार आड जमायचं आणि दर खेपेला नव्या कॉफीच्या दुकानात जमायचं. आमच्या भागात आता अशी दुकानं बरीच निघाली आहेत. हायवेवरच्या एका दुकानात टायरच्या खुर्च्या आहेत. माणूस एकदा त्यात बसला की त्याला उठवायला दुसरा माणूस लागतो. धसईला एका भाताच्या व्यापाऱ्याच्या मुलाने अर्ध्या गोदामात कॉफीचं मशीन बसवलं आहे, उरलेल्या अर्ध्यात पोती आहेत. तिथल्या कॉफीत कोंडा नसतो, पण असावा असं सारखं वाटतं. सिद्धगडाच्या वाटेवर ट्रेकवाल्यांसाठी एकाने घराची पडवीच कॉफीसाठी दिली आहे.

मंडळाचा दुसरा नियम पुस्तकांचा. प्रत्येकाने घरचं एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून आणायचं. सगळ्या पुड्या टेबलावर मांडायच्या. आत कोणतं पुस्तक आहे ते सांगायचं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याची एक पुडी उचलायची, तिथेच दोरा सोडून उघडायची, आणि जे हाती लागेल त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं. कुणी कुरकुर केली तर जाधव मॅडम म्हणतात, फोटो बघून निवड केली की पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. (या वाक्याला रंजना माझ्याकडे का बघते, ते मी पडताळलेलं नाही.)

मी स्वतः पुस्तकं वाचत नाही. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतो, त्यातलं सुडोकू सोडवतो, तेही पेनाने. पेन्सिल वापरणं म्हणजे चूक होणार हे आधीच कबूल करणं, असं माझं मत होतं. त्यामुळे रंजना मंडळात गेली याला माझी हरकत नव्हती. हरकत सुरू झाली ती देसल्यांपासून.

देसले धसईचे. शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. पांढरी दाढी कापून नीट बसवलेली, खादीचा कुर्ता, आणि वय पासष्टीच्या घरात असून डोक्यावरचे केस सगळे हजर. (माझे केस मुलीच्या लग्नाच्या आधीच राजीनामा देऊन गेले.) आमच्या घरी सकाळचा चहा हळूहळू देसल्यांच्या नावाने होऊ लागला. देसले म्हणतात, कादंबरी घाईने वाचू नये. देसले म्हणतात, लेखकाला शेवट सापडला नाही की तो पाऊस पाडतो. मी एकदा म्हटलं, देसले चहात साखर किती घेतात तेही सांग. तर रंजना सहज म्हणाली, "ते बिनसाखरेचा घेतात."

त्या दिवशी माझा चहा निवला.

पुढच्या रविवारी मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. त्याच्या पुढच्या वेळी शेजारच्या टेबलावर बसून राहिलो. मग जाधव मॅडम म्हणाल्या की लांब बसून ऐकण्यापेक्षा सभासदच व्हा. झालो. पुडी मात्र आम्हा दोघांत एकच, रंजनाची. आणि जवळून पाहिल्यावर जे दिसलं त्याने माझी झोप उडाली. टेबलावर पुड्या मांडल्या की देसले एकदा सगळ्यांवरून नजर फिरवत आणि हात थेट आमच्या पुडीवर. कधी उजवीकडे असो, कधी डाव्या कोपऱ्यात असो, उचलणार आमचीच!

मी चार बैठका पाहिल्या. चारही वेळा तेच. आता देसल्यांची स्वतःची सोडली तर टेबलावर पुड्या सात. न बघता उचलणाऱ्याला एका वेळी आमची पुडी लागण्याची शक्यता सातात एक. लागोपाठ चार वेळा लागण्याची शक्यता दोन हजार चारशे एकात एक. हा आकडा मी रंजनाला सांगितला. ती म्हणाली, "माझी निवड चांगली असते, दुसरं काय." आणि हे म्हणताना ती लाजली. निदान मला तरी तसं वाटलं.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. बाकीची माणसं पुडीचा कागद फाडत आणि चोळामोळा करून टाकत. देसले दोरा हलकेच सोडत, कागद मांडीवर ठेवून हाताने सपाट करत, त्याची चौकोनी घडी घालत आणि ती कुर्त्याच्या खिशात ठेवत. डाव्या खिशात. माणूस माझ्या बायकोच्या हाताचा कागदसुद्धा टाकून देत नव्हता!

यावर मी जो उपाय शोधला तो स्टोअरकीपरचा होता. माल बदलायचा. रंजनाच्या पुडीच्या जागी दुसरं पुस्तक घालायचं, असं की देसल्यांचा तिच्या निवडीवरचा विश्वास कायमचा उडावा. माझ्याकडे कृषी प्रदर्शनात फुकट मिळालेलं गांडूळखताचं एक जाड पुस्तक होतं. मुखपृष्ठावर गांडुळांचा मोठा रंगीत फोटो. मी ते शनिवारी रंजना बाहेर गेल्यावर गुंडाळलं, हुबेहूब तिच्या पद्धतीने. ती नेहमी कोड्याचं पान वापरते, कारण माझं वाचून आधी तेच मोकळं होतं. दोरा मिठाईच्या खोक्यांचा, तो ती एका रिळावर गुंडाळून ठेवते. पुडी तयार झाल्यावर मी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर पोह्यांच्या डब्यामागे ठेवली. त्या घरात पट्टी न लावलेली ती पहिली वस्तू.

दुसरी वस्तू त्याच संध्याकाळी आली, पण मला कुणी कळवलं नाही. आईने मुरबाडच्या बाजारातून आणवलेले सुके बोंबील शेणव्याला राहणाऱ्या मावशीला पाठवायचे होते. आईचं काम माझ्यासारखंच नीटनेटकं. तिने बोंबलांची डोकी-शेपट्या कापल्या, एकावर एक सपाट रचले, दोन पारदर्शक पिशव्यांत बांधले. रंजनाने तो गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला. पान कोड्याचं, दोरा मिठाईचा. आणि ठेवला कुठे? पोह्यांच्या डब्यामागे.

रविवारी सकाळी मला जबरदस्त सर्दी होती. नाक दोन्ही बाजूंनी बंद, तोंडाला चव नाही. रंजना केस विंचरत होती तेवढ्यात मी तिच्या कापडी पिशवीतली पुडी काढून कपाटात माझ्या फायलींखाली सरकवली, फळीवर हात घातला, पोह्यांच्या मागची पुडी काढली आणि हातावर तोलून पाहिली. वजन बरोबर. (अनुभवी माणसाला वजन हातावर कळतं.) पुडी पिशवीत घालतो तोच दारात आई.

"काय चाचपडतोस रं तिथं?"

आलं शोधतोय, म्हणालो. आईला माझी दया आली. तोंडाला चव नाय तर मावशीच्यातले दोन बोंबील भाजून ठेवते, म्हणाली. मी मान हलवली. बोंबील कुठे आहेत हे विचारायचं मला सुचलं नाही.

बैठक मुरबाडला होती, खतांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर नवीनच निघालेल्या कॉफीच्या दुकानात. मे महिना, पण आत एसी, चारी बाजूंनी काचा, दार घट्ट बंद. माझ्यापुढे कॉफी आली. तिचा वरचा तिसरा हिस्सा फेस होता. स्टोअरमध्ये असा माल आला तर मी परत पाठवतो, पण त्या दिवशी मी उदार होतो. पुड्या टेबलावर मांडल्या गेल्या. त्या उचलण्याआधी गेल्या वेळच्या पुस्तकांवर बोलणं सुरू झालं.

थोड्या वेळाने जाधव मॅडमनी बोलता बोलता रुमाल नाकाला लावला. मग शेजारच्या बाईंनी. दुकान चालवणारी मुलगी येऊन टेबलाखाली वाकून पाहून गेली. मग ती फवारा घेऊन आली आणि चारी कोपऱ्यांत मोगऱ्याचा वास मारून गेली. (मोगरा आणि आतला वास एकत्र झाल्यावर काय झालं ते मला रंजनाने नंतर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.) जिन्यावर एक मांजर येऊन बसली होती. काचेला नाक लावून ती आमच्या टेबलाकडे एकटक बघत होती. मला वाटलं, साहित्याचं वातावरणच असं असतं. मी मोठा श्वास घेतला, जेवढा येत होता तेवढा, आणि म्हणालो, "आज इथे फार प्रसन्न वाटतंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, माझं वाक्य आवडलं.

मग पुड्या उचलायची वेळ आली. देसल्यांनी नजर फिरवली. हात आला. आमचीच! मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांनी दोरा सोडला. कागद काढला, मांडीवर सपाट केला, घडी घातली, खिशात ठेवली. मग ते हातातल्या वस्तूकडे बराच वेळ बघत राहिले. मी गांडुळांची वाट बघत होतो आणि पिशवीच्या आत बोंबील दिसत होते.

"रंजनाताई," देसले शांतपणे म्हणाले, "हे कोणत्या प्रकाशनाचं?"

रंजनाचा चेहरा पांढराफटक पडला. ती काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. तिच्या फोनचा कानाचा स्पीकर बिघडल्यामुळे तो लाउडस्पीकरवरच चालतो (दुरुस्ती माझ्याकडे प्रलंबित आहे), त्यामुळे बोलणं सगळ्या गावाला ऐकू जातं. फोन आईचा होता.

"रंजना गो, तू बांदलेली बोंबलाची पुडी सोडली तं आतून गांडूळ निघाला!"

"आई, कसला गांडूळ?"

"फोटोतला गो. पुस्तक हाय. माजं बोंबील कुठं गेलं? सकाळी हा फळीवर चाचपडत व्हता. आलं शोधतो बोलला. आलं तर खाली टोपलीत असतं. इचार त्याला."

फोन ठेवताना रंजनाने माझ्याकडे बघितलं नाही. तो माझ्यासाठी वाईट प्रकार असतो. ती म्हणाली, "माझं पुस्तक कुठे आहे?"

कपाटात, फायलींखाली, मी म्हणालो. का, असं तिने विचारलं. मंडळातली बाकी आठ माणसं, एक मालकीण आणि काचेपलीकडे एक मांजर. इतक्या साक्षीदारांपुढे खोटं बोलणं मला जमलं नाही. मी देसल्यांकडे बोट केलं. "हे दर वेळी तुझीच पुडी का उचलतात? आणि कागद खिशात का घालतात? तेही डाव्या!"

जाधव मॅडमनी नाकावरचा रुमाल काढला, आणि लगेच परत लावला.

देसल्यांनी खिशातून ती घडी काढून उलगडली. वर माझं सुडोकू होतं, निळ्या शाईत, टापटीप. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. इथे सात, आणि याच ओळीत इथे पुन्हा सात."

मी वाकून पाहिलं. दोन सात होते.

"मी जन्मभर पेपर तपासले," देसले म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून तपासायला काही नाही. पहिल्या खेपेला ताईंच्या पुडीवर हे कोडं दिसलं. चुकलेलं. त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या खेपेला पुन्हा चुकलेलं. मग मी हाच कागद बघून उचलायला लागलो. घरी नेतो आणि लाल पेनाने तपासतो. दर खेपेला काहीतरी निघतंच. आणि सगळं पेनाने, कुठे खाडाखोड नाही. इतक्या आत्मविश्वासाने चुकणारा विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही. कोण सोडवतं?"

"हे," रंजना म्हणाली.

टेबल हसलं. मालकीण हसली. मीही हसण्यासारखा चेहरा केला. एकटी रंजना हसत नव्हती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "म्हणजे सर, तुम्ही माझं पुस्तक म्हणून उचलत नव्हता."

देसल्यांच्या ते तेव्हा लक्षात आलं. ते घाईने म्हणाले की पुस्तकंही त्यांनी सगळी वाचली, आवडली, प्रत्येकावर बोलले नाहीत का ते? सगळं खरं होतं. पण बोलायला उशीर झाला होता. इतके महिने तिला वाटत होतं की आपली निवड कुणीतरी इतक्या पुड्यांतून ओळखतं. मी फक्त माझ्या मत्सरातून बघत होतो. तिच्या खात्यात त्यामुळे काय जमा होत होतं ते मी कधी मोजलंच नव्हतं.

जाधव मॅडमनी निकाल दिला. नियम म्हणजे नियम. ज्याच्या हाती जे लागलं त्यावर त्याने पुढच्या बैठकीत बोलायचं. देसल्यांनी बोंबील पिशवीत ठेवले. आमच्या आईला मावशीसाठी दुसरे घ्यावे लागले.

परतीच्या वाटेवर रंजना कापडी पिशवी मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आज माझं पुस्तक कुणालाच मिळालं नाही."

मी म्हणालो, चुकून.

"चुकून नाही. ते तुमच्या हाती लागलं. नियम म्हणजे नियम."

आता फायलींखालची पुडी मलाच सोडावी लागली. आत एक कादंबरी निघाली. पहिले दोन दिवस मी पात्रांची संख्या आणि त्यांची नाती जुळवत होतो, कारण एक काका दोन ठिकाणी वेगळ्या वयाचा आला होता. रंजना म्हणाली, वाचा, तपासू नका. मग मी वाचली. एका जागी थांबून मी तिला हाक मारली आणि विचारलं, ही बाई परत का गेली? ती हातातलं काम ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. त्यावर आमचं इतकं बोलणं झालं की आईने येऊन विचारलं, कोनाच्या घरातलं भांडण हाय ह्ये.

पुढच्या बैठकीला देसले बोंबलांवर बोलले. गंभीरपणे, उभं राहून. सुरुवात कडक आहे, ते म्हणाले, पण निखाऱ्यावर धरली की खुलते. मधला भाग जमला आहे. शेवट मात्र अपेक्षेपेक्षा लवकर येतो. सगळे टाळ्या वाजवत होते, रंजना सगळ्यांत जास्त. मला पुन्हा आत काहीतरी चावलं. मग मी उठलो आणि रंजनाच्या पुस्तकावर बोललो. काय बोललो ते आठवत नाही, काकाच्या वयाचा मुद्दा मात्र घेतला. खाली बसलो तेव्हा तिने माझ्या पुढ्यात स्वतःचा कप सरकवला. त्यात साखर होती.

देसल्यांनी त्या दिवशी मला एक पेन्सिल दिली, मागे खोडरबर असलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी ती वापरू लागलो. कोडी बरोबर सुटू लागली. आणि मग एका बैठकीत देसल्यांनी नजर फिरवली, ती आमच्या पुडीवर क्षणभर थांबली, आणि त्यांनी हात पुढे नेऊन जाधव मॅडमची पुडी उचलली. त्यांचे मिस्टर शब्दकोडं सोडवतात म्हणे.

मला फार लागलं. इतके दिवस ते माझ्या बायकोची पुडी उचलतात म्हणून मी जळत होतो, आता उचलत नाहीत म्हणून जळू लागलो. शेवटी पुढच्या बैठकीच्या आधी मी पेन काढलं, कोडं नीट सोडवलं, आणि शेवटच्या ओळीत मुद्दाम एक आकडा चुकवला. रंजनाने तो कागद पुडीला लावला. देसल्यांचा हात आला. आमचीच!

त्यांनी कागद मांडीवर सपाट केला, चष्मा लावला, बोट फिरवलं आणि समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

"दोन आहेत," ते म्हणाले.